वर जाताना भूप, उतरताना बिलावल

आमच्या घरी व्हीसीआर कधीच नव्हता. शेजारी बँकेत बदली होऊन आलेलं एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्यांच्याकडेही नव्हता, पण काका दोन-तीन महिन्यांतून एकदा फोंड्याच्या बाजारातून भाड्याने आणायचे. शनिवारी संध्याकाळी आणला की सोमवारी सकाळी परत. १९८६ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत होते तेव्हा, त्यांनी गावाहून येताना एक कॅसेट आणली आणि काकींकडून खास निरोप पाठवला: आजींना घेऊन या, गाण्याचा सिनेमा आहे.

तो सिनेमा म्हणजे ‘शंकराभरणम’. तेलुगू दिग्दर्शक के. विश्वनाथ यांचा, १९८० सालचा.

आजी आली, पण नेहमीसारखीच उंबऱ्याजवळ बसली. काकींनी खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाली. कोणाच्याही घरी गेली तरी ती दाराच्या चौकटीला टेकूनच बसायची. लहानपणी मला वाटायचं, तिला वारा लागतो म्हणून. आजीचा शेंस झाला होता, हे मला खूप उशिरा कळलं. शेंस म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कलावंत घराण्यातल्या मुलीचं लग्न माणसाशी व्हायचं नाही. पुरुषाच्या वेशातल्या दुसऱ्या मुलीला नवरा मानून विधी व्हायचा आणि त्या दिवसापासून ती मुलगी देवाच्या सेवेची. आजी अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याच्या भागातल्या, एका देवळात पालखीपुढे गायची. देवळाचं नाव इथे लिहीत नाही. तिथे ती काय गायची, कुणाकडून शिकली, हे विचारलं की ती एवढंच म्हणायची, ‘सेवा करताली.’ सेवा करायचे. बस्स.

आईच्या जन्मानंतर काही वर्षांनी ते सुटलं. आईला शिकवायचं, हे आजीने मनाशी पक्कं केलं होतं. पायातले चांदीचे तोडे विकून तिने आईच्या शिक्षणाची सोय केली. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एका शाळेत आई शिक्षिका म्हणून लागली. आमच्या घरात ‘बाई’ म्हणजे शाळेतल्या बाई, हे आईने कमावलं होतं आणि ते जपायला ती कायम सावध असायची. पणजी आकाशवाणीवर केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर लागल्या की आजी हातातलं काम थांबवायची, आणि आई उठून रेडिओचा आवाज कमी करायची. बंद नाही, कमी. भिंतीला कान लावला तर ऐकू येईल इतपत. आजी मग रेडिओजवळ सरकून बसायची.

मला मात्र गाणं शिकायला आईनेच पाठवलं. फोंड्याला मास्तरांकडे, पेटीवर. घरी रियाझ करताना सूर घसरला की स्वयंपाकघरातून आजीचा आवाज यायचा, ‘धैवत देंवलो.’ धैवत उतरला. त्यापलीकडे काही नाही. स्वतः गाऊन कधी दाखवलं नाही.

तर त्या दुपारी सिनेमा सुरू झाला. भाषा कळत नव्हती, काका मध्ये मध्ये मराठीत सांगत होते. शंकर शास्त्री हे मोठे गवई, शंकराभरणम रागावर त्यांची अशी हुकमत की रागाचं नावच त्यांच्या नावाला चिकटलेलं. तुलसी ही गणिकेची मुलगी, नाचणारी, शास्त्रींच्या गाण्यावर जीव टाकणारी. तिची आई तिला एका धनिकाला विकू बघते. तो तिच्यावर बळजबरी करतो, वर शास्त्रींच्या तसबिरीचा अपमान करतो, आणि त्याचा खून तिच्या हातून होतो. ती सुटते, तिला दिवस गेलेले असतात, जायला जागा नसते. शास्त्री तिला घरी आणतात.

मग गावाचं जे व्हायचं तेच होतं. लोक येईनासे होतात. साथीदार शास्त्रींच्या साथीला बसायला नकार देतात, उठून जातात.

तिथेच आई उठली. ‘भाजी करपेल’ म्हणून घरी गेली. आमच्या चुलीवर त्या वेळी काहीही नव्हतं.

पडद्यावर शास्त्री भर पावसात देवापुढे एकटेच गात होते, ‘शंकरा नादशरीरापरा’. राग मध्यमावती, आपल्याकडचा मधमाद सारंग त्याच्या अगदी जवळचा. विजा, पाऊस, आणि त्यात वरच्या षड्जाला भिडणारा तो आवाज. मी आजीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर ताठ बसली होती, उजवा हात मांडीवर, बोटं ताल मोजत होती.

शेवट सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. आपल्यामुळे गुरूची माणसं तुटली हे बघून तुलसी निघून जाते. तिला मुलगा होतो. त्याला ती गाणं शिकवते आणि अनाथ म्हणून शास्त्रींच्या दारी पाठवते, त्यांच्या पायाशी राहून शिकावं म्हणून. तोवर शास्त्रींना कोणी विचारत नाही, लोकांना उडत्या चालीची गाणी हवी असतात. आईकडून आलेला पैसा घालून तुलसी शास्त्रींच्या नावाने एक सभागृह बांधते. तिथे शास्त्री कितीतरी वर्षांनी गायला बसतात. ‘दोरकुना इटुवंटि सेवा’ सुरू होतं. अशी सेवा लाभेल का, असा त्याचा अर्थ. गाता गाता छातीत कळ येते, आवाज थांबतो. आणि बाजूने तो पोरगा पुढची ओळ उचलतो.

काकांनी ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ सांगायची गरज नव्हती. तेलुगूत तो शब्द आपलाच आहे. आजीने तो ऐकला आणि उंबऱ्यावरून उठून आत आली. काकींच्या सतरंजीवर, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. शास्त्री आपल्या पायातलं गंडपेंडेरम, विद्वानाला मानाने मिळालेला पायातला तोडा, काढून त्या मुलाच्या पायात चढवतात. आजीने हळूच विचारलं, ‘सोन्याचो?’ काका म्हणाले, हो. ती पुढे काही बोलली नाही.

चार-पाच दिवसांनी ती आदोळीवर नारळ खवत होती. मी शेजारी पुस्तक घेऊन. खवता खवता ती गुणगुणायला लागली, आणि मी श्वास धरून बसले, कारण हे आजवर झालंच नव्हतं. सा रे ग प ध सां. मग उतरताना सां नी ध प म ग रे सा. दोनदा, तीनदा. आदोळी थांबवून मला म्हणाली, ‘वयर वतना भूप, सकयल देंवतना बिलावल. अशें कशें गो?’

मला काय कळणार होतं तेव्हा? हे उत्तर मला सात-आठ वर्षांनी एका पुस्तकात सापडलं, आणि तेव्हा आजी नव्हती. ते गाणं बिलहरी रागात आहे. कर्नाटक पद्धतीत ७२ मेळकर्ते राग आहेत, त्यांतला २९ वा शंकराभरणम. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट. मेळकर्त्यातून जे राग निघतात त्यांना जन्य राग म्हणतात. बिलहरी हा शंकराभरणमचा जन्य. चढताना मध्यम आणि निषाद गाळायचे, म्हणजे त्यांचा मोहनम, आपला भूप. उतरताना सातही स्वर घ्यायचे, म्हणजे शंकराभरणम. एकदाच ऐकून, भाषा कळत नसताना, दुसऱ्या पद्धतीचं गाणं असताना आजीने त्याचा आरोह-अवरोह नारळ खवता खवता उलगडला होता.

आणि त्याहून मोठी गोष्ट मला तेव्हा लक्षात आली. सिनेमाचं नाव ज्या रागावरून, त्या रागाच्या पोटी जन्मलेल्या रागात शेवटचं गाणं बांधलंय, आणि ते पूर्ण करतोय तो शिष्य. संगीतकार के. व्ही. महादेवन यांनी हे ठरवून केलं की त्यांच्या हातून सहज झालं, त्याचा निवाडा मी करणार नाही. त्या रागात ते गाणं आहे, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. ‘दोरकुना इटुवंटि सेवा’ ही ओळ त्यागराजांच्या बिलहरीतल्या कृतीची, त्यापुढचं वेटुरी सुंदरराम मूर्तींनी लिहिलेलं.

पुढे मी हा सिनेमा बऱ्याचदा पाहिला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी शास्त्रीय गाण्याची रीतसर तालीम घेतलेली नव्हती, तरी शास्त्रींचा आवाज तेच झाले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गायिकेचा वाणी जयराम यांना, संगीताचा महादेवन यांना. शास्त्रींचं काम करणारे जे. व्ही. सोमयाजुलू हे नाटकातले नट, नोकरी डेप्युटी कलेक्टरची. गाणं त्यांचं नाही, पण सम गाठताना त्यांची मान जशी येते ती बघा. तालाशी खोटेपणा करणारा नट मला पहिल्या मिनिटाला कळतो. हा माणूस कुठेही खोटा पडत नाही.

एक प्रसंग मी माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना दरवर्षी सांगते. शास्त्रींच्या मुलीला शिकवायला आलेला एक मास्तर ‘ब्रोचेवारेवरुरा’ ही मैसूर वासुदेवाचार्यांची खमास रागातली रचना भलत्याच ढंगाने, उगाच हरकती घालून शिकवत असतो. शास्त्री आतून येतात. ते त्याला आईच्या हाकेचं उदाहरण देतात. भूक लागलेलं मूल ‘अम्मा’ म्हणतं ते वेगळं, दुखलं-खुपलं म्हणून हाक मारतं ते वेगळं. शब्द एकच, पण सूर ज्याच्या त्याच्या भावाचा. मी हे वर्गात करून दाखवते: ‘आई, भूक लागली’ आणि ‘आई, पाय मुरगळला’. दोन्हीत ‘आई’चा ‘ई’ कुठे थांबतो ते ऐकायला सांगते. लहान मुलांना गमक, मींड हे शब्द न सांगता सगळं समजतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पणजीला इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ‘शंकराभरणम’ची नव्याने उजळलेली प्रत दाखवली. मी एकटीच गेले. फोंड्याहून बस पकडून, पदपथावर चहा पिऊन. मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच बघत होते. बालू महेंद्र यांचं छायाचित्रण छोट्या टीव्हीवर कधी कळलंच नव्हतं: नदीचं पाणी, सकाळचा उजेड, शास्त्रींच्या अंगावरची शाल. माझ्या बाजूला हैदराबादहून आलेली दोन तरुण मुलं होती, प्रत्येक गाणं ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

पण त्या दिवशी मी शास्त्रींकडे कमी आणि तुलसीकडे जास्त बघत राहिले. मंजू भार्गवी यांना या सिनेमात बोलायला फार थोडं आहे. डोळे, हात, मान, एवढ्यावर ती बाई सगळं पेलते. आणि सिनेमाची गोष्ट नीट उलगडून बघितली तर गाणं पुढे जातं ते तिच्यामुळे. सभागृह तिचं. शिष्य तिचा. त्याला पहिले सूर दिले तिने. शेवटच्या मैफलीत ती मात्र आडोशाला उभी राहून ऐकते. साथीदार परत येतात, रसिक परत येतात, मान शास्त्रींना परत मिळतो. तिचं काय?

विश्वनाथ तिला शास्त्रींच्या पायाशी मरण देतात. हे मला कधीही पटलेलं नाही. सोळाव्या वर्षी पटलं नव्हतं, बावन्नाव्या वर्षीही नाही. तिने जगायला हवं होतं. मुलाच्या पुढच्या मैफलीला पहिल्या रांगेत बसायला हवं होतं. आणखीही एक तक्रार आहे: पाश्चात्त्य संगीत वाजवणारी पोरं यात फार उथळ दाखवली आहेत. गोव्यात वाढलेल्या माणसाला हे खुपतं. आमच्याकडे चर्चच्या शाळांतून सॉल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकून आलेली माणसं व्हायोलिनवर काय करायची ते आम्ही ऐकलंय, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताची वाद्यवृंदं त्यांनी उभी केली. या दोन गोष्टी मी सिनेमावरच्या प्रेमाखातर गिळणार नाही.

तुलसीचं सभागृह ही पटकथेतली अतिशयोक्ती आहे असं कोणी म्हणालं, तर त्यांना तिरुवैयारूला जायला सांगा. कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे, तिच्यावरचं मंदिर बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःच्या कमाईतून उभं केलं. त्या देवदासी होत्या. गायिका, विदुषी, कन्नड-तेलुगू-संस्कृत जाणणाऱ्या. आणि त्या काळी तिथल्या आराधनेत बायकांना गायला मनाई होती. ज्यांनी मंदिर बांधलं त्यांनाच तिथे गायला बंदी! त्या भांडल्या, बायकांना घेऊन वेगळं गायल्या, आणि शेवटी सगळ्यांना एकत्र यावं लागलं. १९५२ साली त्या गेल्या. त्यांची समाधीही त्यागराजांच्या समाधीजवळच आहे. एम. एस. सुब्बुलक्ष्मी, नृत्यातल्या बालसरस्वती, वीणा धनम्माळ, यांची घराणी तीच. दक्षिणेचं गाणं आणि आपलं गाणं यांत मेळकर्त्यांचा आणि थाटांचा फरक असेल, ते कोणाच्या घरात जपलं गेलं यात फरक नाही.

गोव्यात आम्ही केरीच्या केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह करतो. ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हे प्रत्येक गोवेकराला पाठ असतं. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय, ते उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. तेव्हा लोक तिथे जाऊन फोटो काढतात. हा अभिमान खरा आहे आणि मलाही आहे. पण ज्या मुंबईला गेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, त्यांची नावं राहिली. ज्या गावातच राहिल्या, पालखीपुढे गात राहिल्या आणि एक दिवस मुलीच्या शाळेसाठी गप्प झाल्या, त्यांच्या आवाजाचा एक तुकडाही कुठे नाही. माझ्या आजीचा नाही. एक कॅसेट नाही, एक फोटो तंबोऱ्यासह नाही. माझ्याकडे आहे ते आदोळीवरचं तेवढं वाक्य.

इफ्फीनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, २ फेब्रुवारी २०२३ ला, के. विश्वनाथ गेले. ‘शंकराभरणम’ प्रदर्शित झाला तो दिवसही २ फेब्रुवारीच. त्यानंतर दोनच दिवसांनी वाणी जयराम गेल्या. मराठी घरांत त्या ‘ऋणानुबंधाच्या’ या गाण्याने राहिल्या आहेत, कुमार गंधर्वांबरोबरच्या, वसंत देसाईंच्या चालीतल्या. हिंदुस्थानी गाणं त्या पतियाळा घराण्याच्या अब्दुल रहमान खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. तमिळ घरातली मुलगी, हिंदुस्थानी तालमीत तयार झालेली, तेलुगू सिनेमात कर्नाटक संगीत गाते आणि मराठी नाट्यपद कुमारजींच्या शेजारी बसून तितक्याच घरच्यासारखं गाते. त्या संध्याकाळी मी शिकवणी घेतली नाही. मुलांना हेच गाणं ऐकवलं आणि घरी पाठवलं.

आई आतल्या खोलीत पलंगावर बसून ते ऐकत होती. पंच्याऐंशी वर्षांची आहे, हल्ली ऐकू कमी येतं, पण यंत्र लावायला तयार नसते. मुलं गेल्यावर मला म्हणाली, ही बाई कोण गेली? मी सांगितलं. मग ‘शंकराभरणम’चं नाव घेतलं. तिला आठवेल असं मला वाटलं नव्हतं.

थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, ‘उठून गेल्ले ते साथीदार मागीर परत आयले?’

सदतीस वर्षांपूर्वी ती तिथेच उठली होती. पुढचा सिनेमा तिने पाहिलाच नव्हता. शेवटी काय होतं, सभागृह कोण बांधतं, मुलगा कोणाचा, काहीच तिला ठाऊक नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

मी भाचीचा टॅब आणला. उशीला टेकवून तिच्यासमोर धरला आणि शेवटची मैफल लावली. तिच्या सवयीप्रमाणे आवाज बारीक ठेवला होता. खिडकी उघडी होती, समोरच्या वाड्यात माणसं बसलेली दिसत होती. शास्त्री गायला बसले. ‘दोरकुना’ सुरू झालं. आई चष्मा पुसून पुढे वाकली.

‘मातसो आवाज वाडय गो,’ ती म्हणाली.